पहिला आवाज

अप्पा,

तुमच्या वेळी भोंग्यातला आवाज मैदानाच्या कुंपणापर्यंत पोचला तरी आपण खूश असायचो. आता कबड्डी नांदेडला चालू असते आणि ती बघणारा माणूस सौदीत जेवताना फोनवर बघत असतो. त्याला खेळ दिसतो आणि खेळाचं वर्णन करणाऱ्या दोघांचं बोलणं ऐकू येतं. ते बोलणं नीट जावं हे बघणं माझ्याकडे असतं. समालोचकांच्या मागे स्टुलावर बसायचं, त्यांच्या डोक्यावरचे हेडसेट लावून द्यायचे, कुणाचा आवाज वाढला, कुणाचा पडला ते कानाने धरायचं आणि समोरच्या मिक्सरवर बोटाने सावरायचं. तुमची लेक हे करते हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी हदगावला सासरी भाकऱ्या थापत होते.

लातूरकडचं आपलं मुरुडचं घर आठवतं. दुकान पुढे आणि स्वयंपाकघर मागे, पण पावसाळ्यात दुकान गळायचं म्हणून भोंग्यांची दुरुस्ती चुलीजवळ चालायची. आई भाकरी टाकते आहे, तुम्ही पाटावर बसून तार डागता आहात, आणि भाजलेल्या भाकरीचा नि वितळलेल्या कथलाचा वास एकच होऊन गेला आहे. आई म्हणायची, तुमच्या या धुरानं माझं पिठलं सुद्धा रेडिओसारखं खरखरायला लागलंय. तुम्ही हसायचा नाही, पण पुढच्या वेळी पाट दाराकडे सरकवायचा.

जत्रेतल्या कुस्त्यांना मला सोबत न्यायचा. माइक हातात आला की मी त्यात फू फू करायची, सगळेच करायचे तशी. एकदा तुम्ही चारचौघांत माझा हात धरलात नि म्हणालात, "माइक म्हंजी चूल हाय का गं फुकायला? आत नाजूक पडदा असतोय. बोल त्याच्यासंगं." मी रडकुंडीला आले. मग तुम्हीच समजावून सांगितलंत की नुसत्या हॅलो हॅलोने काही कळत नाही. प आणि भ म्हटलं की श्वास आदळतो का ते कळतं, स आणि श म्हटलं की आवाज टोचतो का ते कळतं. मला काय बोलावं सुचेना, तर म्हणालात, घरात काय काय हाय ते बोल. तेव्हापासून मी म्हणायची, पापड, भाकर, शेपू, शेंगा. पैलवान हसायचे. आणि दर जत्रेला पहिला आवाज माझाच असायचा. लेकीच्या तोंडून सुरुवात झाली की काम बिनघोर पार पडतं, असं तुम्ही पंचांना सांगायचा. मला ते खरं वाटायचं. माझ्या आवाजात काहीतरी चांगलं आहे असं वाटायचं.

लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही कानावर लावायचा हेडफोन दिलात. साउंडवाल्याचं घर बघून दिलंय, लेक सुखात राहील, असं आईला सांगत होता. पण साउंड बाहेरच्या खोलीत आणि मी आतल्या. सातवीनंतर सुटलेली शाळा मी तिथे आत बसून भरून काढली. वाचनालयातून पुस्तकं आणायची, यंत्रांबरोबर आलेली माहितीची पानं शब्दकोश घेऊन लावायची. ह्यांनी ते बघितलं. फोनवर सामने दाखवायचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनीच मला बाहेर काढलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून हात वर करायचे, म्हणजे ऐकू येतंय, आणखी बोल. ते कावीळ होऊन गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही सामन्याआधी मी एकदा त्या टोकाकडे बघते. तिथे कुणीतरी दुसरंच उभं असतं, बहुतेक पाण्याची बाटली भरत.

ते गेल्यावर धंदा धाकट्या दिरांकडे आला. भाऊजींनी मला कामावर ठेवलं, कारण समालोचकांचं यंत्र दुसऱ्या कुणाला लावता येत नव्हतं. पण पहिल्याच स्पर्धेला कमिटीतल्या कुणीतरी त्यांना बाजूला घेतलं. भाऊजी परत आले नि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, तुमी समदं जोडा. फक्त माइकवर बोलू नका. पयला आवाज मी देत जाईन." मी विचारलं नाही का म्हणून. विचारायची गरज नव्हती. आपल्यात विधवेला असं वेगळं काढत नाहीत, हे तुम्ही बैठकीत सांगायचा. पण दुकानात नवं मशीन आलं तेव्हा कपाळभर विभूती लावून आलेल्या विधवा आत्याला तुम्हीच म्हणालात, तू जरा मागं थांब, लेकीला पुढं येऊ दे. मी पुढे गेले, अप्पा. उड्या मारत गेले.

तेव्हापासून मी माइक नखाने तपासते. फोमच्या टोपीवर नख खरवडायचं, कानात खरखर आली की तार ठीक. भाऊजी वर येऊन एकदा मोठ्याने हॅलो म्हणतात, तेही मुख्य समालोचकाच्या माइकवर, आणि मुहूर्त झाला. नंतर शिडी काढतात. समालोचनाची जागा म्हणजे लोखंडी पाइपांची मचाण, तिन्ही बाजूंनी फ्लेक्स, वर ताडपत्री. प्रेक्षकांतली टवाळ पोरं चढून येतात म्हणून सामना सुरू झाला की शिडी खाली आडवी पडते. मला स्टूल सरकवता येत नाही, कारण त्याचा आवाज बाहेर जातो. खोकता येत नाही. समालोचकांना खोकायला बटण असतं. ते दाबलं की त्यांचा आवाज बाहेर जात नाही, फक्त माझ्या कानात येतो. मला बटण नाही, कारण मला माइकच नाही. मधेच उतरताही येत नाही, म्हणून मैदानावर जायचं असलं की मी सकाळपासून पाणी पीत नाही.

त्याच बटणातून सर माझ्याशी बोलतात. सर म्हणजे आमचे जुने समालोचक, निवृत्त पी. टी. मास्तर. चढाई सुटली, खेळाडू श्वास घेत आहेत, तेवढ्यात बटण दाबून म्हणतात, "बाई, चहावाल्याला सांगा, मागच्या चहात आलं पडलं होतं का कुणाची चप्पल?" मी मागून त्यांच्या खुर्चीवर बोट वाजवते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. नांदेडच्या या स्पर्धेत, पहिल्याच दिवशी, सर त्याच बटणातून म्हणाले की लातूरची जी मंडळी हे सामने फोनवर सोडतात त्यांना समालोचकांच्या आवाजासाठी कायमचा माणूस हवा आहे. त्यांनी माझं नाव सुचवलं आहे. राहायला खोली मिळेल. पण तिथे समालोचकांच्या कानात बोलावं लागतं, आता जाहिरात, आता थांबा, आता बोला. अंतिम सामन्याला ते माझं काम ऐकणार आणि ठरवणार. "जाल का?" सरांनी विचारलं. समोर चढाई सुरू झाली, बटण सुटलं, सर ओरडायला लागले, आणि माझं बोट खुर्चीच्या पाठीजवळ हवेत तसंच राहिलं. मग मी एकदा वाजवलं. त्या गोंधळात त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

भाऊजींना सरांनीच सांगितलं. रात्री जेवताना भाऊजी ताटाकडे बघत जाऊबाईंना म्हणाले, "घरात काय कमी करून राहिलो आपण, ते तरी विचारा." जाऊबाईंनी विचारलं नाही. मला वाढलं, दोनदा वाढलं. भाऊजी वाईट नाहीत, अप्पा. आजारपणात दवाखान्यात माझ्या उशाशी बसले आहेत. म्हणूनच उठून जाता येत नाही. वाईट असते तर शेजाऱ्यांना सुद्धा सांगता आलं असतं.

अंतिम सामना दुपारचा होता. सरांच्या जोडीला निलंग्याची एक मुलगी होती, आधी स्वतः खेळलेली, आवाज मऊ. तिची एसटी उशिरा आली, ती धावतच शिडी चढली नि मी हेडसेट तिच्या डोक्यावर बसवला तेव्हा संघ मैदानात उतरत होते. भाऊजींनी सरांच्या माइकवर हॅलो म्हटलं. मुलीच्या माइकवर मी नख खरवडलं, आवाज आला, शिडी गेली. सामना सुरू झाला. मुलगी बोलते आहे, पण लांब विहिरीतून बोलल्यासारखी, आणि तिच्यापेक्षा प्रेक्षकांचा गलका मोठा. वाढवलं तर गलकाच वाढतो. कानात लातूरचे म्हणाले, दुसरा माइक बघा. मला पुढे वाकून तिच्या तोंडाशी हात घालता येईना, ती बोलत होती. मध्यांतरापर्यंत मी नुसती ऐकत बसले.

मध्यांतराला फोनवर जाहिराती लागल्या, शिडी आली, सर आणि ती मुलगी चहाला उतरले. मी तिचा हेडसेट घेतला, नख खरवडलं. स्वच्छ खरखर. लातूरचे म्हणाले, "बाई, खरखर नको. बोलून दाखवा." तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्या माइकला तोंड असतं आणि पाठ असते. पाठीकडून बोललं की आवाज मरतो. टोपी घातल्यावर कुठली बाजू कुठली ते दिसत नाही, आणि नखाला दोन्हीकडून सारखंच वाजतं. ते फक्त बोलल्यावर कळतं. इतकी वर्षं नखावर काम चाललं ते नशिबानं चाललं. खाली भाऊजी भोंग्यांच्या मशीनजवळ उभे होते आणि भोंगे चालू होते. मी हाताने खूण केली, बंद करा. त्यांनी बघितलं. बंद केले नाहीत. मी बोलणार नाही अशी त्यांना खात्री असावी. वेळ जात होता. मी हेडसेट डोक्यावर चढवला आणि म्हटलं, पापड, भाकर, शेपू, शेंगा.

सगळ्या मैदानावर ते गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशे, वाढायला घे," आणि अख्खा मांडव हसला. माझे कान तापले. पण मला ऐकू आलं होतं, पापडातला प मेलेला होता. मी माइक फिरवला, परत म्हटलं. या वेळी माझा आवाज माझ्याच कानात इतका जवळ आला की मी दचकले. ह्यांच्यानंतर तो मी असा ऐकलाच नव्हता. जाडसर झाला आहे. आईसारखा. लातूरचे एवढंच म्हणाले, आलं.

दुसरा डाव नीट गेला. सामना संपला, सर नि ती मुलगी बक्षिसांसाठी उतरले, शिडी बॅनर बांधायला व्यासपीठाकडे नेली. मी वायरी गुंडाळल्या, हेडसेट पेटीत ठेवले, पेटी बंद केली. शिडी आली नाही. मी वरून हाक मारली. भाऊजींनी मान वर केली, हाताने थांबा म्हटलं आणि खुर्च्या मोजायला लागले. बक्षिसं झाली, मांडववाले चटया उचलायला लागले, माणसं पांगली. मी त्या फ्लेक्सच्या खोक्यात उभी. खाली उडी मारावी इतकं कमी उंच नाही, आणि कुणाला तरी ओरडून सांगावं तर काय सांगावं, की घरच्यांनी वर ठेवलंय? तेवढ्यात फोन वाजला. लातूरचे होते. म्हणाले, आवाज स्वच्छ होता, सोमवारपासून या, खोली बघून ठेवली आहे. खाली भाऊजी माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "विचारून सांगते." ते म्हणाले, विचारा, पण परवा सकाळपर्यंत कळवा.

मग भाऊजींनी स्वतः शिडी आणून लावली. मी उतरेपर्यंत धरून उभे राहिले, पाय घसरू नये म्हणून. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "दादा असते तर असं केलं असतं का तुमी?"

"ते असते तर शिडी काढली नसती," मी म्हटलं.

हदगावपर्यंत मी हेडसेटची पेटी मांडीवर घेऊन गाडीत मागे बसले.

आज दिवसभर फोन उचलून खाली ठेवते आहे. विचारून सांगते म्हणाले, आणि विचारायला कुणी नाही. हे नाहीत, आई नाही, मुरुडच्या आपल्या दुकानात आता कुणी मोबाइलची कव्हरं विकतं. भाऊजींना विचारलं तर नाही म्हणतील, तेही प्रेमाने. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पण लिहिता लिहिता तुमचं उत्तर मला ऐकू यायला लागलं. दिराला विचार, तो म्हणेल तसं कर, बाईमाणसानं घर तोडू नये. दुसरं काही तुम्ही म्हणाला नसता, आणि तुम्ही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. हा कागद तुमच्यापर्यंत जात नाही हे बरंच आहे, अप्पा. उद्या सकाळी मी लातूरला फोन करणार आहे. विचारलं, वडील हो म्हणाले, असं त्यांना सांगणार आहे.