दोन देशांचे अर्ज आणि आबा

मंगळवार संध्याकाळ, कळस

आज मी बारामतीला दवाखान्यात ड्युटीवर असताना परदेशी जायला लागणाऱ्या पोलीस दाखल्याच्या चौकशीला पोलीस घरी आला. मुलगी कुठं चालली, असं त्यानं आबांना विचारलं. आबा म्हणाले, कॅनडाला. त्याच्या कागदावर ऑस्ट्रेलिया होतं, कायमच्या वास्तव्यासाठी. "व्हय, तितंच," म्हणून आबांनी सावरून घेतलं. माझ्यासाठी खोटं बोलले! दोन्हीकडे अर्ज केलाय, हे मी का लपवलं?

जेवताना त्यांनी विचारलं, "दोन्हीकडं कायमचं ऱ्हायचं म्हणून लिवलंस?"

"जितलं आधी हुईल तितं जाईन."

"आन् चार वर्सांत येते म्हणलीस, ते?"

कायमचं. दोन सरकारांना लिहून दिलं, आबांना मात्र एकदाही सांगितलं नाही.

"न्हाय येणार, आबा," मी म्हणाले.

अर्धी भाकरी ताटात ठेवून ते हात धुवायला उठले.