दगडफुलाची पुडी

बेलव्ह्यू, १६ सप्टेंबर २०२४

प्रिय वसुमावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. पार्सिपनीला नीट पोचलात ना? डोंगर उतरताना तुझा गुडघा धरला होता, तो आता कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता ‘हो, हो’ करतो.

वरच्या खडकावरून खरवडून नेलेलं ते दगडफूल अजून भाजलं नाहीस ना? भाजू नकोस. मसाल्यात तर मुळीच घालू नकोस. ते मसाल्याचं दगडफूल नाही, दगडावर वाढणारं वेगळंच लायकेन आहे. दिसतं तसंच, पण पोटात गेलं तर काय होईल, मला ठाऊक नाही.

मला ते जुलैत सापडलं. या डोंगरांत त्याची एकही नोंद मला मिळाली नाही. जेमतेम तळहाताएवढं होतं, म्हणून फक्त फोटो काढले, कणही उचलला नाही. पण फोटोवरून ओळख पक्की होत नाही. रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का, ते पाहावं लागतं. त्यासाठी काल हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाच्या, बाईंना घेऊन वर गेलो; वाटलं, तू नेल्यावरही कडेला थोडं उरलं असेल, पण खडक साफ.

“ओजस, नक्की इथेच?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “बहुतेक.”

बहुतेक! ती जागा मला डोळे मिटूनही सापडेल.

आता पुरावा म्हणजे तुझी पुडी. नोंद मान्य झाली, तर बाई मला मदतनीस म्हणून घेणार आहेत, डिग्री नसली तरी. हो, डिग्री नाही. कॉलेज मी मार्चमध्येच सोडलं. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस.

तू खरवडताना म्हणालीस, “अरे, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये नुसता भुगा मिळतो! आणि असा बघतोस काय? डोंगर काय तुझ्या बापाचा आहे?” काका हसले. मी थांबवलं असतं, तर तू विचारलं असतंस, हे तुला कसं माहीत, अभ्यास सोडून डोंगरात काय करतोस? म्हणून मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बांधलेलीच होती ती.

सोबत पत्ता घातलेलं पाकीट आहे. पुडी न उघडता त्यात घाल.

नमुना कुणी काढला, ते नाव खरं लिहावं लागतं. तुझं लिहीन, आणि शेजारी माझं; मीही तिथेच उभा होतो. बाईंना उद्या सगळं सांगणार आहे, नोकरी मिळो न मिळो.

दळून झालं असेल, तर तसंच लिही. रागावलीस, तरी उत्तर दे.

तुझा,
ओजस