यांच्या शेवटच्या फोनचं रेकॉर्डिंग

१८ मार्च
शाळेचं ऑफिस रिकामं होतं. पुन्हा कंपनीला फोन लावला. आधी तीच टेप: आपला कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जात आहे. म्हणजे यांचाही झालाच असेल.
यांच्या मोबाईलवरून शेवटचा फोन या आरोग्य हेल्पलाइनलाच गेलाय. त्यानंतर कोणालाच नाही. मी शाळेतून घरी आले तेव्हा हे ओसरीत बाजेवर, फोन छातीवर, आणि सगळं संपलेलं.
पलीकडे जी कोण बाई होती ती यांना काय म्हणाली? ॲम्ब्युलन्स का पाठवली नाही? तिचं नाव पाहिजे मला. बाकी काही नको.
आजचा मुलगा म्हणाला, "ती माहिती देता येत नाही मॅडम."
ठीक.

२० मार्च
शीतलला नाशिकला फोन. म्हणाली, "आई, आता नवा कायदा आहे. कंपनीकडे आपली जी माहिती असते ती मागता येते. आवाजसुद्धा. मेल कर, फोनवर भांडू नको."
लेकीला वाटतं मी भांडते. मला भांडता येत नाही, तेच तर.
शाळेची पत्रं लिहून हात बसलाय. मेल केला. 'नम्र विनंती' लिहिलं होतं. नम्र काढलं.

२ एप्रिल
उत्तर आलं. आधी सहानुभूती. मग: माहिती ज्याची त्यालाच मिळते. ती व्यक्ती हयात नसेल, तर तिने नेमून दिलेल्या माणसाला. तो माणूस मी नाही. कोण, ते सांगता येणार नाही.
बँकेत मी. गॅसच्या पुस्तकात मी. सोसायटीत मी. इथे कोण?

५ एप्रिल
कळलं. शेजारच्या सुलोचनाकाकू पापड लाटता लाटता सहज बोलून गेल्या. "त्या हेल्पलाइनच्या फारमात आमच्यातबी वारस म्हनून गजाननचंच नाव हाय. नंबरबी त्याचाच. नाव टाकल्याबिगर मोबाईल पुढं सरकेच ना, मंग तो म्हने, टाकून देतो माह्यंच."
गजानन म्हणजे यांचा चुलत भाऊ. रोहिणखेड रस्त्याला त्याचं मोबाईलचं दुकान. कंपनीची ही हेल्पलाइन योजना गावभर त्यानेच गळ्यात मारली. म्हणजे अर्ध्या गावाच्या मागे गजानन एकटाच वारस! काकू हसल्या, मीही हसले. यांच्यानंतर पहिल्यांदा.
तरी बरं, परका नाही. कंपनीवर सगळ्यात जास्त तोच चिडलेला. मसणात ओरडला होता, "मी मलकापूरले नसतो गेलो तर दादा वाचला असता! त्या पोरीले फासावर द्या!" त्या दिवशी तो एकच माणूस माझ्या मनातलं बोलला.

९ एप्रिल
ग.च्या दुकानात गेले. सगळं सांगितलं. अर्ज मी भरते, तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल तेवढा द्या.
स्क्रीनगार्ड चिकटवत होता. वर पाहिलं नाही.
"वयनी, सोडा ना आता. आवाज ऐकून दादा वापस येनार हाय का?"
"नाही. पण मला ऐकायचाय."
"हाव, देतो ना. आज सर्व्हर डाऊन हाय."

१६ एप्रिल
ग. म्हणे सिम बदलून राह्यलो.

२२ एप्रिल
ग. म्हणे ओटीपी येतच नाही. त्याच्या दुकानात उभी राहून मी अर्ज भरला, मोबाईल वाजला. तो म्हणाला, जाहिरात हाय.
मसणात ओरडणारा माणूस हाच का?

३० एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. यांची पहिली. आबांनी (सासरे) विचारलं, "पितर म्हनून कोनाले बसवाचं?" यांच्या नावाने, यांच्या जागी बसून कोणीतरी जेवायला हवं.
मी म्हटलं, गजाननभाऊजींना.
आबांना बरं वाटलं. "त्याचा लय जीव होता रामदासवर."
पितर व्हायला कोणी नाही म्हणत नाही. आणि पितराच्या ताटावरून कोणी उठत नाही. भावकी समोर असते.

आखाजी
घागर भरली. पुरणपोळी, कुरडया, भजी, आंब्याचा रस, सगळं यांच्या आवडीचं. ग.ला यांच्या पाटावर बसवलं. कपाळाला गंध लावलं. त्याचा मोबाईल पाटाशेजारीच होता.
पोळीवर तूप वाढलं, आणि माझ्या मोबाईलवर अर्जाचं बटण दाबलं. त्याचा वाजला.
"भाऊजी, नंबर आलाय. सांगा."
"वयनी, जेवताना काय…"
"यांच्या जागी बसलात ना? यांनी नाही म्हटलं नसतं."
आबा म्हणाले, "दे बे तिले. माह्या पोराचा आवाज हाय तो."
वाचून दाखवताना त्याचा घास हातातच राहिला. पण पानावरचं सगळं खाल्लं त्याने. खावंच लागतं.

१९ मे
आलं.
शाळेच्या स्टोअररूममध्ये, दार लावून ऐकलं.
हे: "मॅडम, छातीत दुखून राह्यलं. डावा हात भरून आला."
मुलगी: "सर, लगेच ॲम्ब्युलन्स पाठवते. गाव सांगा. जवळ कोणी आहे का?"
हे: "हाव, भाऊ हाय."
मग फोन या हातातून त्या हातात. आणि गजाननचा आवाज.
"काही नाई हो मॅडम. गॅस हाय. सकाळी भजे चेपले त्यानं. गाडी नका पाठवू."
"सर, लक्षणं गंभीर आहेत—"
"मी सांगतो ना. तुमचाच एजंट हाय मी." मग यांना, हसत: "काही होत नाई रे दादा. निंबूपानी पे अन् पड जरा. मले निघा लागते आता मलकापूरले."
मुलगी सर, सर म्हणत राहिली. फोन कटला.
तिने सुरुवातीलाच स्वतःचं नाव सांगितलंय. इतके दिवस हवं होतं ते. इथे लिहीत नाही.

२१ मे
शीतलला सांगितलं नाही. ती ओरडेल. मला ओरडायचं नाही.
त्याला गॅसच वाटला असेल. वाटू शकतं. पण मग मसणात ते मलकापूर कशाला? एका पोरीला फासावर द्यायला निघाला होता. आणि मी त्याच्या मागे.

२४ मे
ग. घरी आला. "आलं का काही?"
"नाही."
"म्या म्हनलं होतं ना! हरामखोर हायेत हे कंपनीवाले."
सुलोचनाकाकू बसल्या होत्या. मी विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही कधी निघालात मलकापूरला?"
"सकाळीच. पहिल्या गाडीनं."
त्याला चहा दिला. साखर जास्त घातली, त्याला आवडते तशी.

२८ मे
देवळाच्या पारावर, चार माणसांत, पुन्हा विचारलं. पुन्हा सकाळीच. आता पहिल्या गाडीत भेटलेला माणूसही आलाय गोष्टीत.
सांगू दे. सगळ्यांना सांगू दे.

१ जून
ग.च्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन पोरगी स्वतः आली. "काकू, तुम्ही मागं नाही बसायचं. काका असते तर पहिल्या रांगेत असते." यांनी सायकल शिकवलेली पोर. गळ्यात पडून रडली.
तिने काय केलंय?
तिने काहीच केलं नाही. म्हणूनच त्याला तिच्या मांडवातच लागेल.

४ जून
ओट्यावर ऐकत होते. आबा दारात कधी आले कळलं नाही.
"रामदास बोलला का?"
पहिलं तेवढं लावलं. 'भाऊ हाय' पाशी थांबवलं. आबांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. "भाऊ हाय म्हनते. कोन भाऊ?"
"कळत नाही आबा. पुढे खरखर आहे."
पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं.

७ जून
आज लग्न. यांनी घेतलेली जांभळी साडी काढली. मोबाईल पूर्ण चार्ज करून ठेवला.
जीप यायची आहे. आबा कधीचे फेटा बांधून ओसरीत बसलेत. मघाशी म्हणाले, "सूनबाई, मांडवात माईक असन ना? मंगलाष्टकं झाली की लावू आपुन रामदासचा आवाज. पोरीले काकाचा आशीर्वाद होईन. गजाननलेबी बरं वाटन."
मी नाही म्हटलं नाही.
जीप आली.