तीन किलोची ओळ

६ मे
दोनशे चौदा ओळी. दोनशे तेरा भरल्या! एक रिकामी.

माझ्या तक्त्याची रीत साधी — डावीकडे कायदा काय मागतो, मधे आम्ही काय म्हणतो, उजवीकडे त्याचा पुरावा. युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा कायदा बदलला, कलमं जागची हलली, आणि गेलं वर्षभर मी आमच्या उत्तरांना नवी कलमं जोडत बसलेय. मला हे काम मनापासून आवडतं. कुणाला सांगितलं तर हसतील.

अडलंय ‘पुल्चिनो’पाशी — तान्ह्या बाळांच्या डायलिसिसच्या नळ्या. पत्रकात म्हटलंय, तीन किलोच्या बाळापासून चालतात. पुरावा? अहवाल क्रमांक १४. तो कुठेच नाही. मालक इवानो म्हणाले, ३१ तारखेला फाइल तपासणी संस्थेकडे जाणार. ओळ रिकामी राहिली तर पुल्चिनो बंद. तसाही खप नाहीच.

८ मे
अहवाल एर्मेसचा. आमचा जुना चाचणीवाला, आता एक्क्याऐंशीचा. भूकंपात कारखाना पडला तेव्हा कागदांची खोकी त्यानेच घरी नेली. कुठे कोंबली असतील देव जाणे. दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडली.

११ मे
एर्मेसच्या घरी, माळ्यावर, सिरक्याच्या पिंपांमागे!

आधी मोर्तादेल्ला सॉसेजच्या चकत्या खायला लावल्या, मग लांब्रुस्को वाइन, मग शिडी. म्हणाला, “पोरी, माझे कागद हरवत नाहीत. मुरतात.” अहवाल १४ मिळाला. अजून वास येतोय.

१२ मे
अहवालात चार किलो आहे. तीन नाही. त्याहून लहान बाळासाठी पंप आणखी मंद चालवला तर नळीतून ठरलेलं तेवढंच रक्त जातं का, हे पाहिलेलंच नाही. मग पत्रकात तीन कुणी लिहिलं? एर्मेसच असणार. घाईचा माणूस.

१३ मे
मी.

भूकंपाआधीच्या पत्रकात ४. त्यानंतर तात्पुरत्या कचेरीच्या कंटेनरमध्ये घाम पुसत सगळं पुन्हा टाइप केलं, त्या प्रतीत ३. खाली टाइप करणारीची आद्याक्षरं — लो. गा. लोरेदाना गाविओली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

१४ मे
इवानोंना सांगितलं. म्हणाले, “इतक्या वर्षांत एक तरी तक्रार आली का? अहवाल जोडा आणि ओळ बंद करा.”

मी म्हटलं, जोडते, पण मग पत्रकात चार लिहायचं. चार लिहिलं तर घेणार कोण, म्हणाले. मग तीनवर नव्याने चाचणी करू, मी म्हटलं. ती करणार कोण, त्यांनी विचारलं. मी एर्मेसचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी पुल्चिनो वापरणाऱ्या सहाही इस्पितळांना पत्रं गेली — चूक माझी, तूर्त चार किलोखाली वापरू नये. लाज वाटली. पण झोप छान लागेल.

२० मे
एर्मेस टाय लावून आला! महिन्यापुरता रीतसर कामावर. गेटपाशीच त्याची माफी मागितली.

“एकदा तरी चुकलीस,” म्हणाला. “आता सुखाने मरेन.”

२३ मे
त्याला पंपाचं नवं यंत्र आवडत नाही. यंत्रालाही तो आवडत नसावा.

२७ मे
आजच्या मानकाप्रमाणे, तीन किलोचा प्रवाह, तीस नळ्या. एकही नापास नाही. एर्मेसने सही केली. मी आकडा चार वेळा वाचला. मग त्याला मोठ्याने वाचायला लावला.

३१ मे
दोनशे चौदा! फाइल गेली. इवानोंनी सगळ्यांना गरमगरम तळलेला न्योक्को खाऊ घातला आणि पुल्चिनोच्या नावाने ग्लास उचलला. बंद करायला निघालेला माणूस!

माझा निवृत्तीचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. समाधान आहे.

४ जून
बारी शहरातल्या इस्पितळातून डॉक्टर लोस्कियावोबाईंचं उत्तर:

“तुमचा आकडा आम्ही कधी पाहिलाच नाही. एवढ्या लहान बाळांना दुसऱ्या कुणाच्या नळ्या बसत नाहीत. आमच्याकडे आलेली सगळ्यांत छोटी मुलगी एक किलो नऊशेची होती. यंदा शाळेत जाते. आता तुमचं पत्र समोर ठेवून पुढच्या बाळाच्या आईला काय सांगू?”

अर्ज परत घेतला. एर्मेसला फोन करून म्हटलं, आता दोन किलोखालची चाचणी करायचीय, टाय इतक्यात कपाटात ठेवू नका.