आईचा साचा बकुळला

रामघाटावरच्या मराठी घरांनो, आपले एक गाऱ्हाणे आहे आणि ते खरे आहे. पुण्याला गेलो की नातलग आपल्याला हिंदीवाले म्हणून हसतात, आणि इथे काशीत सहा पिढ्या झाल्या तरी गल्ली आपल्याला दक्खिनीच म्हणते. दोन्हीकडे आपले पान जरा बाजूला मांडलेले असते. हे मी चाळीस वर्षे सभांमधून बोललो. आपण ज्यांचे पान बाजूला मांडले, त्यांच्याबद्दल आज लिहितो.

मी, शिवराम वासुदेव जोगळेकर, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, रेल्वेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. माझ्या कमाईतून घेतलेल्या रामघाटावरच्या तीन खोल्या आणि गच्ची पुतण्या विश्वेश याला द्यावी. तो दशाश्वमेधावर यात्रेकरूंची कर्मे सांगतो, उच्चार स्वच्छ आहेत. बँकेतली शिल्लक त्याची पत्नी संपदा हिच्या एकटीच्या नावे करावी.

कलम दोन. पुस्तके वेदपाठशाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत, त्यांनी नको म्हटली तरी एकदा विचारावे. पंक्तिभेदाविरुद्ध मी दिलेल्या व्याख्यानांच्या तीन वह्या मात्र रद्दीत घालाव्यात. कारण पुढे आहे.

कलम तीन. शिरवळ्या पाडायचा आईचा लाकडी साचा धाकटी बहीण बकुळ हिला द्यावा. ती मलेशियात, पिनांगला असते.

याचा खुलासा आवश्यक आहे. १९७८ साली मुरुगय्या नावाचा तमिळ तरुण पिनांगहून वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला आला. आमच्या वडिलांनी त्याच्याकडून पिंडदान करवले, चार दिवस त्याला घरी उतरवून घेतले. पुढे वर्षभर पत्रे चालली आणि बकुळने त्याच्याशी लग्न केले. आम्हाला त्याची दक्षिणा चालली, जावई म्हणून तो चालला नाही.

१९९४ मध्ये पिनांगच्या मराठी मंडळाने मला गणेशोत्सवात बोलावले. विषय पंक्तिभेद. दीड तास बोललो, टाळ्या पडल्या. नंतर बकुळ मला मुरुगय्याच्या खाण्याच्या गाडीवर घेऊन गेली. एका पत्र्याखाली वीसेक गाड्या आणि मधली टेबले सर्वांची सामाईक. मलाय बाई केळीच्या पानात नारळाचा भात बांधत होती. तमिळ मुसलमान चहा एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचावरून ओढत होता. मुरुगय्या तांदळाच्या शेवया पाडून त्यावर खोबरे आणि गूळ घालत होता. तिथे या पदार्थाला पुटू मायम म्हणतात, आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी शिरवळ्या म्हणून ओळखले असते. मी प्रत्येक गाडीपाशी थांबून बहिणीला विचारले, "हे कोणाच्या हातचं?" आणि शेवटी शहाळे पिऊन बसलो.

रोजाक नावाची फळांचे तिखटगोड कालवण विकणाऱ्या चिनी म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि बकुळमार्फत विचारले, "हे काय खात नाहीत?" कोळंबी, असे कळल्यावर त्याने कोळंबीचा मसाला बाजूला ठेवला, खल धुतला, चिंच, मिरची आणि दाणे नव्याने कुटले. माझी जात, गाव, देव त्याने विचारला नाही. मी काय खात नाही एवढेच विचारले. ती बशी मी संपवली. नंतर भात, चहा आणि मेव्हण्याच्या शेवया. जीभ त्या दिवशी माझ्यापुढे निघून गेली.

निघताना बकुळ म्हणाली, "दादा, आईचा साचा पाठवशील? इथला पत्र्याचा आहे, धार बसत नाही."

मी म्हणालो, "आईचा साचा गाडीवर जायचा नाही."

हे मी, ती बशी खाल्ल्यावर, म्हणालो.

२००४ मध्ये आईच्या वर्षश्राद्धाला ती आली. पहाटे उठून तिने त्याच साच्यावर शिरवळ्या पाडल्या. आमचा थोरला भाऊ नरहर, विश्वेशचे वडील, याने त्या पंगतीत वाढू दिल्या नाहीत, गाईला घातल्या. गाईने सगळ्या खाल्ल्या. बकुळचे पान जिन्याखाली मांडले गेले. मी तूप वाढत होतो. तिच्या पानावर तूप वाढले आणि पुढे गेलो. नरहर आता नाही, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने कधी व्याख्यान दिले नव्हते.

मुरुगय्या २०१९ मध्ये गेला. गाडी बकुळ चालवते.

कलम चार. गेल्या महिन्यात विश्वेशला म्हणालो, माझ्या तेराव्याला बकुळ शिरवळ्या करील.

"काका, आत्या आल्या तर आनंदच आहे. पण पितरांचं वेगळं असतं."

"गोदौलियावर चाऊमीन खातोस ते कोणाच्या हातचं?"

"ते बाहेरचं हो. बाहेरचं सब चलता है."

संपदा आतून म्हणाली, "आत्यांचं पान मी माझ्याशेजारी मांडीन. यांना जिना मोकळा आहे."

माझी वकील अवनी पराडकर हिने मसुद्यात अट घातली होती: बकुळच्या हातचे खाल्ले नाही तर विश्वेशला घर नाही. मी ती खोडली. अट ठेवली असती तर तो घरासाठी जेवला असता. वरील कलम एक बिनशर्त आहे आणि तसेच राहील. अवनीने अंमलबजावणी पाहावी.

विश्वेश, घर तुझे झाले. आता मागतो. गल्लीतल्या सर्वांना तेराव्याचे बोलावणे कर. बकुळचे पान पंगतीत पहिले मांड. ती शिरवळ्या घेऊन वाढायला आली की सर्वांच्या आधी तू आपले पान पुढे कर, आणि खा.

रामघाट, वाराणसी. दिनांक १२ नोव्हेंबर २०२४.

शिवराम वासुदेव जोगळेकर

आमच्यादेखत वाचून, आमच्यादेखत सही केली:
१. डॉ. केयूर मुळे, राजा घाट
२. रामजनम निषाद, नाविक, रामघाट