नऊ डब्यांचं वेळापत्रक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, ५ डिसेंबर २००४

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, त्यामुळे सध्या वाकता येतं तेवढाच, उरलेला आजऱ्याला आलो की घालीन.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजून औषध म्हणून बिडीच चालू आहे? यंदा घनसाळ भात चांगला पिकला असं कानावर आलं. आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि नुसते खुशाल नाही, छाती फुगून बनियन आखूड व्हावं इतके खुशाल आहोत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझ्या धाकट्या भावानं संपूर्ण आठवड्याचा स्वयंपाक एका रविवारी करून दाखवला. पुन्हा एकदा सांगतो (बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर प्रत्येक गाडी माईकवर दोनदा पुकारली, ती सवय अजून जात नाही), संपूर्ण आठवड्याचा, एका रविवारी, मी. दिवाळीत माझ्याच घरात बसून, माझ्याच चिवड्याचा बकाणा भरून तू म्हणाली होतीस, "बायकू सवासहाच्या गाडीनं गेली की ह्यो गडी चार दिसांत उपाशी मरतोय बघ." तो बकाणा आठव आणि पुढचं वाच.

संयोगिताला मुख्याध्यापिकेची जागा आली आहे हे तुला ठाऊकच आहे. शाळा गारगोटीच्या पुढं. सकाळी सवासहाची गाडी, परत यायला साडेसात. अशी जागा तिला आधी दोनदा आली होती. एकदा आमची सुष्मिता दहावीला होती म्हणून तिनं नको म्हटलं, दुसऱ्यांदा आपली आई अंथरुणाला खिळली होती म्हणून. दोन्ही नकाराची पत्रं मीच पोस्टाच्या पेटीत टाकून आलो होतो, आणि दोन्ही वेळा येताना भजी आणली होती. (आता आठवलं की ती भजी घशाशी येतात.) ही तिसरी वेळ, आणि बहुतेक शेवटची. संस्थेनं सांगितलं, आधी एक आठवडा प्रभारी म्हणून या, जमतंय का बघा, आणि अकरा तारखेच्या आत होकारावर सही करून द्या. जमतंय का म्हणजे शाळा जमतेय का असं नव्हे गं. शाळा तिला झोपेतही जमेल. घर जमतंय का, हा प्रश्न होता. आणि घर म्हणजे मी.

उपाय सुष्मितानं पुण्याहून सांगितला. तिच्या कॉम्प्युटरच्या कंपनीतल्या पोरी म्हणे रविवारी आठवड्याचं सगळं करून फ्रिजमध्ये लावतात आणि रोज एकेक डबा काढून गरम करतात. हे ऐकल्याबरोबर मी कागद-पट्टी घेऊन बसलो. वेळापत्रक हा माझा प्रांत. सोमवार चवळी, मंगळवार वांगी, बुधवार मूग, असं शनिवारपर्यंत आखलं, फ्रिजच्या दारावर चिकटवलं आणि खाली सही केली. मग संयोगिताला तिच्या बहिणीबरोबर जोतिबाला पाठवून दिलं, कारण ती घरात असती तर तिनं हातातला झारा काढून घेतला असता. रविवार देवाचा, त्यामुळे मटण शिजवायचा प्रश्न नव्हता. देवानंच वाचवलं म्हणायचं. मला नव्हे, बकऱ्याला.

सकाळी सातला कांदे चिरायला बसलो तो दुपारी चारला ओट्यावरून हटलो. दोन किलो कांदा चिरून डब्यात भरला (दुसऱ्या दिवशी चहालाही कांद्याचा वास येत होता, पण त्यानं तरतरी येते). मटकी कुकरला लावली आणि पेपर वाचत शिट्ट्या मोजायच्या विसरलो, तेव्हा वेळापत्रकात तिथल्या तिथे दुरुस्ती करून 'उसळ'च्या जागी 'आमटी' लिहिलं. चवळीत मीठ घातलं. मग सवयीनं पुन्हा एकदा घातलं. वांग्यांचंही तसंच झालं. कणीक मळताना पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, असं करता करता परातीतून वर आली, तीही भरून ठेवली. सहा दिवसांच्या सहा भाज्या, कणीक, खरडा आणि कांदा, एकूण नऊ डबे.

आता डबे कुठून आणले ते ऐक. आमचे डबे माळ्यावर, आणि पट्टा लावून माळ्यावर चढायचं म्हणजे संयोगिताला शाळेऐवजी दवाखान्यात फेऱ्या घालाव्या लागल्या असत्या. पण खिडकीजवळच्या फळीवर नेमके नऊ स्टीलचे डबे घासूनपुसून, झाकणं लावून ओळीनं मांडलेले होते. मला वाटलं, बायको असावी तर अशी, मुकाट्यानं सगळी तयारी करून गेली! प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं होतं, पण आपल्यात कुठल्या भांड्यावर नाव नसतं? निम्मी भांडी तर लग्नात आलेली.

सोमवारी ती सवासहाच्या गाडीनं गेली. (मी स्वतः जागा धरून दिली, खिडकीची.) दहाच्या सुमारास शेजारच्या शिवगंगावहिनी दारात. त्यांचे नागाप्पा कापडाच्या दुकानात असतात, घर शाकाहारी आणि कडक. म्हणाल्या, "भावजी, आमचा मोठा डबा हाय की तुमच्यात. बेळगावचं पावणं यायला लागल्यात, शेंगाचटणी भरून द्यायची हाय." मी डबा शोधायला लागलो आणि त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. दार उघडंच होतं. मंगळवारच्या वांग्यांवर ठळक अक्षरात 'सौ. शिवगंगा नागाप्पा' असं कोरलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती फळी आमच्या डब्यांची नव्हतीच. गल्लीतून काहीबाही भरून आलेले आणि परत द्यायचे राहिलेले डबे संयोगिता तिथं ठेवते, काही चांगलंचुंगलं केलं की भरून परत करायला. तीस वर्षं या घरात राहतोय, पण कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते हे मला इथं कधी समजलंच नव्हतं.

वांगी काढून डबा रिकामा करून देतो, असं तोंडावर आलं होतं. पण आक्का, तेवढ्यात माझा कान दुखला. लहानपणी देसायांचा डबा मी रिकामाच परत देऊन आलो होतो, तेव्हा तू कान धरून, हातात गुळाचा खडा देऊन पुन्हा त्यांच्या दारात उभं केलं होतंस. म्हटलं, "वहिनी, घेऊन जावा तसाच. मी केल्यात वांगी." पुरुषानं केलेल्या वांग्यांची बातमी गल्लीत पसरायला किती वेळ? हंबीरराव डबे भरून परत द्यायला लागलेत म्हटल्यावर दुपारपर्यंत रांग लागली. बाळाबाई मूग घेऊन गेल्या. चिमणाबाईंच्या नशिबी नुसता चिरलेला कांदा आला, त्या डब्यात डोकावल्या आणि "असू दे, देणाऱ्याचं मन बघावं," म्हणून तोही घेऊन गेल्या. कणीकसुद्धा गेली. चार वाजता फ्रिजमध्ये एकच डबा उरला, चवळीचा.

आक्का, तुला सांगायला लाज नाही. त्या संध्याकाळी मी फ्रिजचं दार उघडं धरून उभा राहिलो आणि मला खरोखर भीती वाटली. वाटलं, उद्या हिला सगळं सांगावं लागणार, ही नेहमीसारखी 'असू दे' म्हणणार, आणि मी तिसऱ्यांदा पेटीत पत्र टाकून येणार. साडेसातला ती आली. पायांवर धूळ, पण चेहरा असा उजळलेला की लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. पोरांची नावं, गळकं छप्पर, बंद पडलेली प्रयोगशाळा, बोलतच होती. बोलता बोलता भाताबरोबर चवळी खाल्ली. दोन तांबे पाणी प्याली. मग चवळी पुन्हा वाढून घेतली.

आणि मंगळवारी डबे परत आले! शिवगंगावहिनींकडून त्यांच्या पद्धतीची भरली वांगी आणि कडक भाकरी. बाळाबाईंकडून पिठलं. चिमणाबाईंनी माझ्याच कांद्याची भजी करून पाठवली आणि बुधवारी वर तांबडा-पांढरा रस्सा. शनिवारपर्यंत एकही दिवस चूल पेटवावी लागली नाही. आता तूच सांग, माझ्या हातची चव लागल्याशिवाय का अख्खी गल्ली अशी परतफेड करते? संयोगितानं विचारलं, हे सगळं तुम्ही केलंत? मी म्हटलं, वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. यात खोटं काही नाही.

तर तुझ्या चार दिवसांचे सहा झाले आणि गडी जिवंत आहे, उलट वजन दीड किलोनं वाढलं आहे. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुझ्या त्या वाक्याला सोडचिठ्ठी.

तुझा (न उपाशी राहिलेला) भाऊ,
हंबीरराव

ता.क. : पत्राबरोबर तुझा डबा आहे. उद्याच्या आजरा गाडीला जोतीराम कंडक्टर आहे, तो घरपोच देईल. आत वांगी आहेत. आज दुसरा रविवार, ही मी एकट्यानं केली आहेत, शिवगंगावहिनी फक्त दारात उभ्या राहून ओरडत होत्या. मीठ एकदाच घातलं आहे. दुसऱ्यांदा हात गेला होता, तो माझा मी धरला.

ता.क. २ : गल्लीनं डबे का पाठवले ते मला कळत नाही असं नाही. माझी वांगी खाऊन शिवगंगावहिनींनी घरोघर सांगितलं की, "बाईंनी आपल्या पोरी शिकवल्या, आता बाईंची शाळा ह्या मिठापायी जायला नको." सोमवारी गल्लीतून न्यायला कुणी आलं नाही असा जो एकच डबा राहिला, तो तुझा होता, दिवाळीत काजू घालून आणलेला. त्याच डब्यातली चवळी खाऊन तिनं तो घासला, पुसला, फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आक्कांचा डबा तेवढा द्यायचा राहिलाय." होकाराचा कागद तिच्या पर्समध्ये आहे. काल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. आक्का काय म्हणतील, म्हणाली. तुझं ते वाक्य मी केव्हाच चिवड्याबरोबर गिळलं होतं, तिच्या मात्र ते घशातच आहे. आईचं सगळं तिनं केलं, तेव्हा तू आणि मी दोघंही बघत होतो. शनिवार अकरा तारीख आहे. जोतीराम बुधवारी पुन्हा आजऱ्याला येऊन परत फिरतो. तिच्या नावानं दोन ओळी लिहून डब्यात घाल. दुसरं काही नको. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तूच शिकवलं आहेस.

ता.क. ३ : डबा मोठा आहे. दोन ओळींनी भरणार नाही. उरलेल्या जागेत काजू घातलेस तर माझी हरकत नाही.