साहेबासाठी वाढलेलं पान

३१ ऑगस्ट २०२५
अकोल्याहून सामान आलं आणि आम्ही एकदाचे अमरावतीकर झालो. नवऱ्याची, गौरांगची, बँकेनं इकडे बदली केली म्हणून मी कुरकुरतच निघाले होते, पण घर पाहून खूश झाले. घरमालकीण मनकर्णाबाई खाली राहतात. बोलायला फटकळ, पण आल्याबरोबर गरम भाकर आणि ठेचा पाठवला. आमच्या हॉलमध्ये एका फौजी साहेबाचं जुनं तैलचित्र आहे. लाल कोट, पदकं, ऐटबाज मिशा. बाईंच्या सासऱ्यांनी कुठल्याशा लिलावात घेतलेलं. साहेब कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नाही. गौरांग म्हणतो, फुकटचा पाहुणा मिळाला.

२१ सप्टेंबर
आज सर्वपित्री. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठीही एक पान वाढायची आमच्याकडे रीत. मला साहेबाची कीव आली. वडे, कढी, खीर, सगळं वाढलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, नाव घेतल्याबगर पान पोचत नाही. आता याचं नाव कुठून आणू? गौरांग हसून म्हणाला, माहं घे नं, मले काय होते? मीही मेली तशीच, घेतलं. पान गच्चीवर ठेवते न ठेवते तोच कावळा शिवला.

२४ सप्टेंबर
साहेबाच्या मिशा गेल्यात. भुवईत खाच आलीये. ती खाच गौरांगची, लहानपणी विटी लागलेली. त्याची भुवई आता अखंड आहे. त्याला दाखवलं तर आरशापुढून हलेचना.

२७ सप्टेंबर
सासूबाईंचा अकोल्याहून फोन आला. त्याच्याकडे दिला. नंतर मला म्हणतात, तो कोण माणूस बोलून राहिला वं तुझ्या घरी? सख्खी आई. मला रडू कोसळलं. बँकेतही वॉचमननं त्याला आत सोडलं नाही.

२८ सप्टेंबर
चित्र उतरवायला गेले. खिळ्यावरून उचललं तर तिकडे तो श्वास अडकून तडफडला— परत टांगलं. जाळू कसं, फेकू कसं, आता त्यात तोच आहे. मला काही म्हणजे काही करता येत नाही.

२९ सप्टेंबर
तो समोर बसलाय. नजर हटली की चेहरा आठवत नाही— मी त्याची बायको— मनकर्णाबाई दारातून विचारून गेल्या, एकटीच राहतं काय वं?

३० सप्टेंबर
सकाळी त्यानं विचारलं, बाई, मी कोण? मी सांगितलं. दुपारी परत विचारलं, हात जोडून. सांगायला गेले तर जीभ— या वहीची मागची पानं उघडली, अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. मग लग्नातला उखाणा आठवला. तो तर तोंडपाठ, सगळ्या मांडवानं ऐकलेला. त्याचे हात धरून म्हणायला लागले. पहिली ओळ झाली, दुसरीही आली, आता पुढे फक्त नाव—